सेकंडहँड कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही? आधी कुलूप ओळखा, मग हात घाला

जुना लॅपटॉप घरी आला, बटण दाबलं, पडद्यावर कुणाचं तरी नाव आणि खाली पासवर्डची रिकामी पट्टी. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "अहो, कधीचा बंदच पडून होता, आता कुठे आठवणार!" यानंतर बहुतेक जण इंटरनेटवर पासवर्ड तोडायचं सॉफ्टवेअर शोधायला बसतात आणि आगीतून फुफाट्यात जातात. मीही या सगळ्या प्रकारातून गेलोय. त्यानंतर ओळखीतल्या अनेकांची अशी मशीन हाताखालून गेली. तेव्हा सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो: तुम्हाला मशीन हवंय, जुन्या मालकाचा पासवर्ड नकोय. पासवर्ड मिळाला तरी तुम्ही त्याच्याच खात्यात, त्याच्याच फाइलींच्या पसाऱ्यात बसणार. मशीन पूर्ण पुसून नव्यानं विंडोज टाकणं त्याहून सोपं पडतं आणि त्यात कुणाच्या खासगी गोष्टीत डोकावावंही लागत नाही.

अडचण खरी येते ती कुलूप विंडोजच्या खाली, म्हणजे मशीनच्या चिपमध्ये किंवा एखाद्या संस्थेच्या नोंदीत असेल तेव्हा. म्हणून घाईनं काही दाबायच्या आधी कुलूप कुठलं ते ओळखायचं.

१. आधी हे जवळ घेऊन बसा

- खरेदीची पावती. पावती नसेल तर विकणाऱ्याशी झालेले मेसेज आणि पैसे दिल्याचा पुरावा. कंपनीकडे जायची वेळ आली तर सगळं यावरच अडतं.
- मशीनचा सिरियल नंबर. लॅपटॉपच्या तळाशी स्टिकर असतं. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षर-आकड्यांचा असतो. स्टिकरवरचं बारीक छापलेलं वाचण्यापेक्षा मोबाइलनं फोटो काढा.
- चार्जर. रिसेट अर्ध्यावर असताना बॅटरी संपली तर विंडोज ना जुनं राहतं ना नवं.
- कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह, रिकामा किंवा पुसला गेला तरी चालेल असा.
- चालू स्थितीतला दुसरा कॉम्प्युटर, तासाभरासाठी. पेनड्राइव्ह तयार करायला लागतो.
- लॅन केबल किंवा मोबाइलची यूएसबी केबल. ती कशाला, ते सहाव्या पायरीत येईल.
- डेस्कटॉप असेल तर स्क्रू ड्रायव्हर.

२. कुलूप कुठलं ते ओळखा

मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि पासवर्ड नेमका कधी मागितला जातो ते बघा.

कंपनीचा लोगो दिसताच, विंडोजचं गोल फिरणारं चक्र यायच्या आधीच पासवर्ड मागितला, तर ते बायोसचं (म्हणजे विंडोजच्या आधी मशीन चालू करणाऱ्या, चिपमधल्या प्रोग्रामचं) किंवा हार्ड डिस्कचं कुलूप. पडदा साधा काळा, राखाडी किंवा निळा असतो. त्यावर कुणाचं नाव नाही, फोटो नाही. हार्ड डिस्कचं असेल तर मजकुरात 'एचडीडी' किंवा 'हार्ड डिस्क पासवर्ड' असे शब्द असतात. लेनोवोच्या काही थिंकपॅड लॅपटॉपवर शब्दच नसतात. कुलपाचं चित्र असतं आणि त्याच्या शेजारी डबीसारखी गोल आकृती असली तर कुलूप डिस्कला आहे असं समजायचं.

निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी' आणि खाली लांबलचक की भरायची जागा दिसली, तर बिटलॉकर या विंडोजच्या सोयीनं डिस्कवरचा सगळा डेटा कूटबद्ध, म्हणजे की शिवाय वाचता येणार नाही असा, केलेला आहे. ही की ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट.

नाव, फोटो आणि पासवर्ड किंवा पिन ही विंडोजची नेहमीची लॉगिन स्क्रीन. नावाखाली ईमेलचा पत्ता दिसला तर खातं मायक्रोसॉफ्टचं, नुसतंच नाव असेल तर ते त्या मशीनपुरतं, म्हणजे लोकल खातं असू शकतं, पण मायक्रोसॉफ्टचंही असू शकतं, कारण ईमेल बहुधा लपवलेला असतो. हे कुलूप सगळ्यांत सोपं.

एखाद्या कंपनीचं किंवा शाळेचं नाव झळकलं आणि 'तुमच्या संस्थेच्या खात्यानं लॉगिन करा' असं आलं, तर थेट आठव्या पायरीवर जा. तोवर काहीही पुसू नका आणि विकणाऱ्याला उरलेले पैसेही देऊ नका.

एकाच मशीनला दोन-तीन कुलुपं असू शकतात. बायोसचा पासवर्ड आहे, पण मशीन लॉगिनपर्यंत व्यवस्थित येतं आणि फक्त बायोसच्या सेटिंगमध्ये जाताना अडवतं, असं खूपदा दिसतं. त्याला घाबरायचं कारण नाही. विंडोज पुसून नव्यानं टाकायला बायोसमध्ये शिरायलाच हवं असं नाही.

३. विकणाऱ्याला गाठा, पण पासवर्ड मागू नका

ही पायरी लोक टाळतात. खरं तर निम्मं काम इथेच होतं. त्याला पासवर्ड आठवत नसला तरी फोनवरून त्याचं मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलचं खातं बहुधा चालू असतं, आणि करायचं ते तिथूनच करता येतं. मी साधारण असा मेसेज पाठवायला सांगतो:

"नमस्कार, तुमच्याकडून घेतलेला लॅपटॉप पूर्ण पुसून मी नव्यानं सेट करणार आहे. आतले फोटो, कागदपत्रं हवी असतील तर त्याआधी सांगा. तुमच्या खात्यातल्या उपकरणांच्या यादीत हा लॅपटॉप अजून दिसत असेल तर तो काढून टाका. पासवर्ड मला पाठवू नका, तुम्हीच तुमच्या फोनवरून करा. बायोसचा पासवर्ड कधी लावला होता का, तेवढं आठवून सांगा."

पासवर्ड पाठवू नका असं म्हटल्यावर माणसं निर्धास्त होतात आणि मदत करतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय त्याचा ईमेलचा पासवर्ड तुमच्या मेसेजमध्ये पडून राहणं दोघांनाही नको असतं.

बिटलॉकरचा पडदा असेल आणि त्याला आतला डेटा हवा असेल, तर रिकव्हरी की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात उपकरणांच्या भागात साठवलेली सापडू शकते. तुमच्या पडद्यावर 'की आयडी' म्हणून अक्षर-आकड्यांची एक ओळ असते. तिची पहिली आठ अक्षरं त्याला कळवा, म्हणजे खात्यात चार की असल्या तरी नेमकी हवी ती जुळवता येते.

विकणारा फोन उचलत नाही, उडवाउडवी करतो, पावतीवरचं नाव आणि लॉगिनवरचं नाव जुळत नाही, आणि मशीन कुणाकडून आलं ते सांगता येत नाही: ही लक्षणं एकत्र दिसली तर मशीन परत करा. चोरीचा संशय असेल तर पोलिसांना सांगा. पुसून वापरायला सुरुवात केलीत तर उद्या ते तुमच्या अंगाशी येईल.

४. पासवर्ड तुम्हीच लावला आणि तुम्हीच विसरलात?

मग पुसण्याआधी बरंच करता येतं. सेकंडहँड मशीनमध्ये पहिला संशय कीबोर्डवर घ्या. एखादं बटण मेलेलं असतं, आणि पासवर्डच्या पट्टीत नुसते ठिपके दिसत असल्यामुळे एक अक्षर उमटलंच नाही हे कळत नाही. पट्टीच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरा आणि काय टाइप झालंय ते वाचा. खाली उजव्या कोपऱ्यात सुलभतेच्या चिन्हात पडद्यावरचा कीबोर्ड आहे, त्यावर माउसनं टाइप करून बघा. तिथेच शेजारी भाषा दिसते. इंग्रजीऐवजी मराठी किंवा हिंदी निवडलेली असेल तर बरोबर पासवर्डही चूकच ठरणार. कॅप्स लॉक आणि नम लॉकही बघून घ्या.

पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो. 'साइन-इन ऑप्शन्स' दाबलं की दुसरा पर्याय निवडता येतो.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड मोबाइलवरून किंवा कुठल्याही कॉम्प्युटरवरून बदलता येतो, त्यासाठी पैसे लागत नाहीत. बदलल्यावर अडकलेलं मशीन इंटरनेटला जोडा. वायफायचं चिन्ह लॉगिन स्क्रीनवरच खाली असतं. ते न जोडता नवा पासवर्ड टाकला तर मशीनला बदल झाल्याचं कळतच नाही, आणि "मी बदलला तरी घेत नाही" अशी तक्रार सुरू होते.

लोकल खातं असेल आणि विंडोज १० ची १८०३ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर खातं बनवताना बहुधा तीन सुरक्षा प्रश्न विचारले गेले होते. एकदा चुकीचा पासवर्ड टाका. खाली 'रिसेट पासवर्ड' दिसेल, तिथे ती उत्तरं द्यायची. मशीनवर दुसरं ॲडमिन खातं असेल तर त्यातूनही तुमचा पासवर्ड बदलता येतो.

आता त्या 'पासवर्ड दाखवणाऱ्या' सॉफ्टवेअरविषयी. लोकल खात्याचा पासवर्ड विंडोज जसाच्या तसा साठवत नाही. त्याचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारी खूण, साठवते. त्यामुळे एका क्लिकमध्ये तुमचा पासवर्ड वाचून दाखवू असं म्हणणारा थापा मारतोय. पासवर्ड पुसून टाकणारी साधनं असतात, पण बिटलॉकर चालू असेल तर ती डिस्कला हातही लावू शकत नाहीत. नसेल तर पासवर्ड पुसला जातो, मात्र विंडोजच्या ईएफएस सोयीनं कूटबद्ध केलेल्या फाइली आणि साठवलेले पासवर्ड त्याबरोबर कायमचे जाऊ शकतात. त्यातलं फुकट मिळणारं बरंच काही व्हायरससकट येतं, हे वेगळंच.

आणखी एक सापळा. 'पासवर्ड रिसेट हेल्पलाइन' शोधल्यावर वरच दिसणाऱ्या नंबरावर फोन करू नका. समोरचा माणूस मोबाइलवर रिमोटचं ॲप टाकायला सांगेल, मग ओटीपी विचारेल. कॉम्प्युटर राहील बाजूला आणि खातं रिकामं होईल.

५. विंडोजमधूनच रिसेट

लॉगिन स्क्रीन दिसतेय ना? मग हा सगळ्यांत छोटा रस्ता. पासवर्ड लागत नाही, पेनड्राइव्ह लागत नाही, आणि बायोसच्या सेटिंगला कुलूप असलं तरी बहुतेक वेळा चालतं.

खाली उजव्या कोपऱ्यातलं पॉवरचं चिन्ह दाबा. शिफ्टचं बटण दाबून धरा आणि 'रीस्टार्ट' वर क्लिक करा. "इतर कुणी हे मशीन वापरत असेल" अशी सूचना आली तरी पुढे जा. निळा पडदा येईपर्यंत शिफ्ट सोडू नका. मग 'ट्रबलशूट', त्यात 'रिसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. 'कीप माय फाइल्स' निवडू नका. तो पर्याय जुन्या मालकाच्या फाइली जपून ठेवण्यासाठी आहे.

पुढे 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रीइन्स्टॉल' असं विचारतं. क्लाउडला साधारण ४ जीबी डेटा लागतो, पण विंडोज ताजं आणि धड मिळतं. जुन्या मशीनवरच्या फाइली बिघडलेल्या असण्याची शक्यता असते, म्हणून इंटरनेट बरं असेल तर मी क्लाउडच निवडतो. नंतर 'फुली क्लीन द ड्राइव्ह' असा पर्याय दिसला तर तो घ्या. वेळ बराच जास्त लागतो, पण मागच्याचा डेटा परत काढणं अवघड होतं. त्याच्यासाठी एवढं करायला हरकत नाही.

टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ थांबतात, मशीन दोन-तीन वेळा आपोआप बंद-चालू होतं. बटण दाबून बंद करायचा मोह आवरा.

मधेच बिटलॉकरची की मागितली आणि ती कुणाकडेच नाही, किंवा रिसेट "काहीच बदल झाले नाहीत" म्हणून परत फिरलं, तर सहावी पायरी.

६. पेनड्राइव्हवरून नवं विंडोज

आधी प्रोसेसर बघा, कारण विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ प्रत्येक जुन्या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. पिढी नावावरून कळते: आय५-८२५०यू मधल्या रेघेनंतर ८ आहे म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी, आय५-६२००यू म्हणजे सहावी. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर आडवळणानं विंडोज ११ घुसवण्यापेक्षा मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा उबुंटू सुचवेन. दोन्ही मोफत आहेत आणि तसं मशीन त्यावर झकास चालतं.

विंडोज ११ च टाकायचं असेल तर चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या आणि ते सांगेल तसा पेनड्राइव्ह बनवा. दुसरीकडून कुठूनही 'आधीच ॲक्टिव्हेट केलेलं' विंडोज घेऊ नका.

आता अडकलेल्या मशीनला पेनड्राइव्ह लावून बूट मेन्यू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी, उघडायचा. चालू करताच ठरावीक बटण टकटक दाबत राहायचं: डेल, लेनोवो आणि तोशिबाला बहुधा एफ१२, एचपीला एफ९ किंवा आधी एस्केप, असूसच्या लॅपटॉपला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरलाही एफ१२, पण तिथे बूट मेन्यू बायोसमधून चालू करावा लागू शकतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपना कडेला टाचणीच्या टोकानं दाबायचं बारीक नोव्हो बटण असतं. बटण दाबूनही विंडोजच उघडत असेल तर मशीन पूर्ण बंद होत नसतं. शिफ्ट धरून 'शट डाउन' करा. किंवा पाचव्या पायरीतल्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' दिसतं का बघा, तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो.

सेटअप सुरू झाल्यावर प्रॉडक्ट की मागेल. खालचं 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' दाबा. या मशीनवर विंडोज १० किंवा ११ आधी रीतसर ॲक्टिव्हेट असेल तर लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच एडिशन टाकली आणि इंटरनेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणजे होम होतं तर होम, प्रो होतं तर प्रो. होमच्या मशीनवर हौसेनं प्रो टाकलं की ॲक्टिव्हेशनची रडकथा सुरू.

मग डिस्कची यादी येते. इथे थांबा आणि आकडे वाचा. ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १ असे क्रमांक असतात. त्यातला एक तुमचा पेनड्राइव्हच असू शकतो, आणि काही मशीनमध्ये दोन डिस्क असतात. जीबीवरून मुख्य डिस्क ओळखा, तिचे सगळे विभाग एकेक करून डिलीट करा आणि 'अनॲलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरली की ती निवडून पुढे जा. बिटलॉकरचं कुलूपही इथे गळून पडतं, कारण डेटा वाचायला की लागते, पुसायला लागत नाही.

यादीत एकही डिस्क दिसली नाही तर डिस्क मेली असं समजून दुकानात धावू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे होतं. त्यांना 'इंटेल रॅपिड स्टोरेज'चा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती डिस्क ओळखता यावी म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, हवा असतो. तुमच्या मॉडेलचा तो ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर उतरवून, फाइल उलगडून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' मधून दाखवा. डिस्क लगेच उगवते.

फाइली उतरल्यावर मशीन पहिल्यांदा पुन्हा चालू होईल तेव्हा पेनड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर सेटअप पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं दिसतं. त्यानंतर वायफायच सापडत नाही, असंही होतं. नव्या विंडोजकडे त्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर नसतो आणि पुढे जायला तर इंटरनेट हवं. म्हणून ती लॅन केबल. नसेल तर मोबाइल यूएसबीनं जोडून त्यावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा.

७. बायोसचा किंवा हार्ड डिस्कचा पासवर्ड

डेस्कटॉप असेल तर आशा बरीच आहे. वीज काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, झाकण उघडा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मदरबोर्डवर नाण्याएवढी चपटी बॅटरी दिसेल, सीआर२०३२, ३ व्होल्टची. आधी फोटो काढा, मग ती बाहेर काढून काही मिनिटं थांबा. बॅटरीनं काम झालं नाही तर बोर्डवर 'क्लिअर सीमॉस' किंवा तशाच नावाचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, शोधा. डेलच्या ऑप्टिप्लेक्समध्ये पासवर्डसाठी वेगळा जंपर असतो. त्याची जागा मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

यानंतर घड्याळ मागे गेलेलं असेल. ते आधी दुरुस्त करा, कारण तारीख चुकली की निम्मी संकेतस्थळं सुरक्षिततेच्या नावाखाली उघडतच नाहीत. डिस्कची पद्धत, म्हणजे एएचसीआय की रेड, बदलून विंडोज उघडेनासं होऊ शकतं. बायोसमध्ये ती पूर्ववत करून बघा. बिटलॉकरही याच वेळी की मागू शकतो.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. विशेषतः ऑफिससाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये बायोसचा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो आणि बॅटरी महिनाभर काढून ठेवली तरी पुसला जात नाही. व्हिडिओ बघून लॅपटॉप उघडणाऱ्यांना हेच माहीत नसतं. लेनोवोची थिंकपॅडबद्दलची अधिकृत भूमिका तर अशी की सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, विसरलात तर सिस्टम बोर्ड बदलावा लागतो. जुन्या लॅपटॉपला नवा बोर्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. डेल मालकीचा पुरावा पाहून काही मॉडेलांसाठी सोडवणूक कोड देते, पण त्याआधी सर्व्हिस टॅग तुमच्या नावावर असावा लागतो. मालकी बदलण्याचा अर्ज डेलच्या संकेतस्थळावर भरता येतो. म्हणूनच पहिल्या पायरीत पावती सर्वांत वर आहे.

तीनदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर काही लॅपटॉप 'सिस्टम डिसेबल्ड' म्हणून एक आकडा दाखवतात. त्या आकड्यावरून पासवर्ड काढून देणारी पानं सापडतील. जुन्या काही मॉडेलांपुरतं ते चालायचं. नव्या मशीनवर त्यांच्या नादी लागून वेळच जातो.

हार्ड डिस्कचा पासवर्ड असेल तर उपाय बहुतेक वेळा एकच: डिस्क बदला. हा पासवर्ड डिस्कच्या आतच असतो, दुसऱ्या मशीनला लावली तरी ती उघडत नाही. नवी एसएसडी टाकून सहावी पायरी करा, बाकी मशीन ठणठणीत असतं.

८. संस्थेच्या नोंदीत अडकलेलं मशीन

कंपन्या आणि शाळा शेकड्यांनी लॅपटॉप घेतात आणि त्यांच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोपायलट' सेवेत नोंदवतात. असं मशीन कितीही वेळा पुसा, नवी डिस्क टाका, सेटअपमध्ये इंटरनेट मिळालं की पुन्हा त्या संस्थेचं नाव पडद्यावर येतं आणि तिच्या खात्यानं लॉगिन करायला सांगतं. नोंद मशीनच्या बाहेर असल्यामुळे मशीनवर कुठलीही करामत करून ती जात नाही.

सिरियल नंबर आणि पावती घेऊन त्या संस्थेच्या आयटी विभागाशी संपर्क करा. मशीन त्यांनी रीतसर भंगारात किंवा लिलावात काढलं असेल तर नोंद काढायची तेवढी राहिलेली असते. ते म्हणाले की हे मशीन आमच्या यादीत हरवलेलं आहे, तर ते त्यांचं आहे. तुम्ही पैसे विकणाऱ्याकडे मागा. इंटरनेट न जोडता सेटअप उरकायच्या युक्त्या कुणीतरी सुचवेलच. पण पुढच्या वेळी मशीन पुसलं की तेच कुलूप पुन्हा समोर येणार.

९. मॅक, क्रोमबुक, लिनक्स

मॅकमध्ये एक मोठा फरक आहे. मायक्रोसॉफ्टचं वैयक्तिक खातं मशीन पुसल्यावर तुम्हाला अडवत नाही, ॲपलचं अडवतं. ॲपलची टी२ सुरक्षा चिप असलेले इंटेल मॅक (२०१८ पासूनचे बरेच मॉडेल त्यात येतात) आणि ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचे, म्हणजे २०२० च्या एम१ पासूनचे सगळे मॅक यांना ॲक्टिव्हेशन लॉक लागू शकतो. पुसल्यावरही जुन्या मालकाचं ॲपल खातं (आधीचं नाव ॲपल आयडी) मागितलं जातं. मालकाला आयक्लाउडच्या संकेतस्थळावर 'फाइंड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन हा मॅक आपल्या खात्यातून काढता येतो, त्यासाठी मशीन त्याच्या हातात असायची गरज नाही. तो सापडतच नसेल तर मूळ खरेदीच्या पुराव्यासह ॲपलकडे अर्ज करता येतो. तुमच्या-त्याच्या व्यवहाराची चिठ्ठी तिथे पुरेल असं धरून चालू नका.

लॉक नसेल तर काम सरळ आहे. एम१ आणि पुढच्या मॅकवर पॉवरचं बटण दाबून धरायचं, 'लोडिंग स्टार्टअप ऑप्शन्स' दिसलं की सोडायचं, 'ऑप्शन्स' मध्ये जायचं आणि पासवर्ड मागितला तर वरच्या मेन्यूतून 'इरेज मॅक' निवडायचं. इंटेल मॅकवर चालू करताना कमांड आणि आर. तिथे कुलपाचं चित्र आणि रिकामी पट्टी आली तर तो फर्मवेअर पासवर्ड, तो ॲपलकडूनच निघतो.

क्रोमबुकवर लॉगिन स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा, 'पॉवरवॉश', म्हणजे मशीन पूर्ण पुसायचा पर्याय, येतो. शाळेच्या नोंदीतलं असेल तर आठवी पायरी. लिनक्सचं मशीन असेल तर पेनड्राइव्हवरून नवं लिनक्स टाका आणि मोकळे व्हा.

१०. आत गेल्यावर लगेच

स्वतःचं खातं बनवा, त्याला पर्यायी ईमेल आणि मोबाइल नंबर दोन्ही जोडा. विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या. ॲक्टिव्हेशन झालंय का ते सेटिंग्जमध्ये बघा. झालं नसेल तर विकणाऱ्याशी बोलायची हीच वेळ.

नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं सेटअप केलं की बऱ्याच मशीनवर डिस्कचं कूटबद्धीकरण तुम्हाला न विचारता चालू होतं. म्हणजे ती ४८ आकड्यांची की आता तुमच्याही नावानं तयार झालेली असते. तुमच्या खात्यात उपकरणांच्या भागात जाऊन ती आहे का बघा आणि कागदावर उतरवून पावतीबरोबर ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवू नका. बायोसला पासवर्ड लावायची हौस असेल तर तोही त्याच कागदावर लिहा, आणि लॅपटॉप पुढे कुणाला द्याल तेव्हा आधी तो काढून मगच द्या.